बटण कोण फिरवतं?

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून चाकणला कादरभाईंच्या रिपेअरिंगच्या दुकानात गर्दी. मिक्सर मांडीवर घेऊन कुसुमताई केव्हाच्या ताटकळल्या होत्या, आणि पुढच्या नवराबायकोचं काही केल्या संपत नव्हतं.

“कादरभाई, फ्रीजला वेड लागलंय. संध्याकाळी कामावरून येते, तर आइस्क्रीम पातळ!”

“काहीतरीच! दुपारी जेवताना मी उघडतो, तर दह्याचा दगड झालेला असतो.”

“मग वहिनी, तुम्ही काय करता?”

“बटण एकवर असतं, ते पाचवर नेते.”

“आणि निरंजनभाऊ, तुम्ही?”

“पाचवरचं एकवर आणतो. म्हटलं, आपोआप फिरतंय.”

“अगंबाई! म्हणजे ते तुम्ही होता?”

“तुझी पहिली शिफ्ट, माझी दुसरी. विचारणार कधी?”

“फ्रीज ठणठणीत आहे. बटण तीनवर ठेवा, आणि दोघांनीही हात लावू नका.”

“तीनवर नको, कादरभाई.”

“का गं?”

“आता घरी आल्यावर बटण एकवर दिसलं, की कळेल ना मला, तुम्ही जेवून गेलात ते.”

“अहो वहिनी, मग आइस्क्रीमचं काय?”

आता मात्र कुसुमताईंना राहवेना.

“पातळ तर पातळ! वाटीनं प्यायचं गं, पोरी!”