जळवांची साक्ष

लेक : परत चालवून पाहिलं, बाबा. तेच येतंय.

बाबा : तुझं मशीन बिघडलं असेल.

लेक : मशीन ठणठणीत आहे. सकाळीच त्याच्यावर नदीचे मासे तपासले. एकूण एक मासा बरोबर ओळखला त्याने.

बाबा : मग जळवा बिघडल्या असतील.

लेक : आधी बसा बघू. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय.

बाबा : माझेही मोडलेत. जमेल आमचं. हं, सांग. पिसोरी आली का?

लेक : नाही.

बाबा : डुक्कर? साळिंदर? काहीतरी आलं असेलच की. जळवा चांगल्या टम्म होत्या. उपाशी जळू म्हणजे नुसता दोरा असतो.

लेक : माणूस आलाय. सगळ्या बाटल्यांमधून माणसाचंच रक्त.

बाबा : मग त्यात काय एवढं? माणसं काय जंगलात जात नाहीत? लाकूडतोडे जातात, रस्त्याची मोजणी करणारे जातात.

लेक : ते खालच्या वाटेने जातात. वर झऱ्यापर्यंत तुमच्याशिवाय कुणी चढत नाही, हे तुम्हीच छाती फुगवून सांगत असता.

बाबा : म्हणजे तुला म्हणायचंय काय?

लेक : काही म्हणायचं नाहीये. विचारतेय. जळवा घेतल्या कुठून?

बाबा : पानांवरून. दुसरीकडून कुठून घेणार?

लेक : सगळ्या?

बाबा : हे बघ, तू रांगत होतीस तेव्हापासून मी त्या जंगलात जातोय. आणि वर्षभर तुझंच पुराण ऐकतोय. जळू ज्याला चावते त्याचं रक्त महिनोन्महिने तिच्या पोटात राहतं. त्यातला डीएनएचा एवढासा तुकडा वाचला, की दुकानातल्या डब्यावरच्या रेघा वाचाव्यात तसा प्राणी कोण ते कळतं. म्हणून जळू पानावरची घ्यायची. अंगावर चढलेली फेकून द्यायची. पाठ आहे मला सगळं.

लेक : पाठ आहे म्हणूनच विचारतेय.

(बाबा पोटरी खाजवतात.)

बाबा : झऱ्यापलीकडे दरीत उतरवत नाही गं आता.

लेक : मला का नाही सांगितलंत?

बाबा : काय सांगायचं? झऱ्यापर्यंत कसाबसा पोचलो. म्हटलं, पाच मिनिटं टेकू. डुलकी लागली. जाग आली तर पोटऱ्यांवर ह्या बसलेल्या. वाटलं, आत्ताच चढल्या असतील, अजून चावल्या नसतील.

लेक : टम्म होत्या म्हणालात आत्ता.

बाबा : माणसाला जे वाटून घ्यायचं असतं ते वाटतं. तू पण कधी दमून बघ, म्हणजे कळेल.

लेक : मी दमलेलीच आहे, बाबा. रविवार कधी येतो न् कधी जातो, मला पत्ता नसतो.

बाबा : दिसतंय. डोळे बघ कसे खोल गेलेत. माझ्यावर गेलीस.

लेक : आम्ही वाचतो तो तुकडा फक्त आईकडून येतो. तुमच्यात आजीचा आहे, माझ्यात आईचा.

बाबा : म्हणजे तुझ्यात माझं काहीच नाही?

लेक : त्या तुकड्यात नाही. बाकी हट्टीपणा सगळा तुमचाच.

बाबा : बरं झालं, काहीतरी दिलं. आता त्या रस्त्याच्या कमिटीला काय सांगणार?

लेक : तेच कळत नाहीये. रिपोर्ट आज जायलाच हवा. ‘पिसोरी आढळली नाही’ एवढंच लिहिलं, तर ते खोटं नाही. तुमचं नावही निघणार नाही. पण त्या एका ओळीवर जंगलातून रस्त्याला परवानगी मिळेल.

बाबा : आणि खरं ते लिहिलं तर?

लेक : तर नमुनेच बाद. पुन्हा गोळा होईपर्यंत त्यांना थांबावं लागेल. पण सगळ्यांना कळेल, की इतक्या वर्षांच्या जाणकाराने जळवांना स्वतःचंच रक्त पाजलं.

बाबा : ते कपाट बंद असतं का?

लेक : कुठलं?

बाबा : तेच. पिसोरीची जुनी कातडी आहे ना त्यात. तिचा एखादा केस बाटलीत पडला तर?

लेक : तर मशीन पिसोरी म्हणेल. जे घालाल ते वाचतं ते.

बाबा : गंमत केली.

लेक : नाही केलीत.

बाबा : नाही केली. पण नकोच ते. सशाएवढं हरीण, डोळ्यांनी पाहिलंय मी, झऱ्यावर पाणी पिताना. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला भास झाला. तो केस टाकला ना, तर मलाही तो भासच वाटायला लागेल.

लेक : मग?

बाबा : मग काय, घी हवं पण बडगा नको असं चालतं का कुठे? लिही खरं ते.

लेक : ऐका मग. “हे नमुने गोळा करणाऱ्याच्या अंगावरून घेतले गेले असण्याची शक्यता असल्यामुळे...”

बाबा : शक्यता कसली? काढ ते. घेतले.

लेक : “...अंगावरून घेतल्यामुळे ते बाद धरावेत. पिसोरी आहे की नाही, हे यावरून सांगता येत नाही. नव्याने नमुने घ्यावेत आणि तोवर रस्त्याचा निर्णय थांबवावा.” नाव नाही घातलं तरी चालेल.

बाबा : घाल. नाहीतर लॅबने घोळ घातला म्हणून तुझ्यावर ढकलतील.

लेक : तुम्हाला हसतील, बाबा.

बाबा : हसू देत. इतकी वर्षं पिसोरीला हसले, तिला जरा विश्रांती.

लेक : नव्याने जाईल कोण?

बाबा : ज्याला पाय आहेत तो. वाट मी दाखवीन, कागदावर काढून. वर नाही जाणार आता.

लेक : नक्की?

बाबा : नक्की. तुझ्या आईला सांग, तिला खरं वाटणार नाही.

लेक : हे घातलं तुमचं नाव. आता खाली माझी सही, की झालं.

बाबा : थांब. हे काय? नाव आणि आडनाव, बस्स?

लेक : मी नेहमी अशीच करते.

बाबा : आज पूर्ण कर, बाळा. मधलं माझं नाव गाळू नकोस.