अळणी डबा

कमळ : रागावू नका हो मावशी, मी नुसतं विचारतेय. वॉर्डात कुणी नसताना काकांना चोरून पाणी देता का?

राहीबाई : तुझी आन बाय! डॉक्टरांनी मापून दिलंय त्यावर घोटभर न्हाय. तांब्या पण लपवून ठेवलाय.

बाळाराम : मागून मागून घसा सुकला माझा. दगड हाय ही, दगड!

कमळ : मग पायाची सूज उतरायला हवी होती. हे बघा, बोट दाबलं की खळगा तसाच राहतोय. काकांचं हृदय दमलंय, अंगात साठलेलं एवढं पाणी त्याला झेपत नाही. हे छातीत चढलं तर श्वास कोंडेल. मी शिकाऊ नर्स असले तरी एवढं कळतं मला. मीठ तरी बंद आहे ना?

राहीबाई : तू सांगितलंस तवापासनं मिठाच्या बरणीला शिवले असंन तर हात झडो माझा. भात अळणी, डाळ अळणी.

कमळ : आणि डब्यातून हा वास कसला?

राहीबाई : तो व्हय! भाजलेला सुका बांगडा. नुसता अळणी भात यांच्या घशाखाली उतरंना, म्हणून तुकडाभर देते.

कमळ : अगं आई गं! मावशी, खारवलेला मासा?

राहीबाई : मी कुठं खारवला? बाजारातनं तसाच येतो. मी वरनं एक खडा घातला न्हाय.

कमळ : मी पण तुमच्या भागातलीच, अंजूर गावची, आमच्याकडे पावसाळाभर हेच खातात. सुकवायच्या आधी तो मिठात मुरवतात ना? तेच मीठ काकांच्या पोटात गेलं. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, आणि तहानही वाढवतं.

(राहीबाई डब्याचं झाकण लावते.)

राहीबाई : म्हंजे रोज कोन गावावरनं येऊन माझ्या हातानं इखच चारलं की गो यांना!

कमळ : असं नका बोलू. चुकलं माझं. "मीठ बंद" एवढंच मी म्हणाले, ताटात काय काय असतं ते विचारलंच नाही.

बाळाराम : रडू नको गो. मना कळत होतं, खारट लागतंय ते.

कमळ : मग बोलला का नाहीत काका?

बाळाराम : कसं बोलू? उन्हातनं चालत येते, घामानं भिजलेली. डबा उघडला की माझ्या तोंडाकडं बघत बसते. मी तो तुकडा खाल्ला की मग कुठं हसते.

राहीबाई : आणि तुमी जिवानिशी गेले असते म्हंजे? मी काय बांगडा कवटाळून बसले असते?

कमळ : आत्ताच सिस्टरना सांगते, डॉक्टर औषध बघतील. उद्यापासून लिंबू पिळा, लसूण-मिरची लावा. ताजा मासाही चालेल, पण बिनमिठाचा.

राहीबाई : तसाच करीन. घरात अळणीशिवाय दुसरा काय शिजतच न्हाय आता.

कमळ : म्हणजे तुम्हीपण अळणीच खाता?

राहीबाई : यांच्या तोंडाला चव न्हाय, मना कशी गोड लागंल?

बाळाराम : मग उद्या दोघांचा भात आण. अळणीच खायाचा तर हितं बसून खा, माझ्याजवळ.