पहिल्या हाकेला ओ नाही

मंडळी, मंडी मोहल्ल्यातले शेजारी आलात, सरगूरहून पाहुणे आलात. आईंसाठी आलात. सुनेनं बोलावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. सांभाळून घ्या.

आमच्या घरचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल. दुसरं कुणी असेल, तर ते एकदाच मारतं. साताऱ्याहून लग्न होऊन इकडे कन्नड मुलखात आले तेव्हा मी हसले होते. मग मीही पाळायला लागले.

त्या नियमानंच आमचा घात केला. आई पहिल्या हाकेला बोलत नसत. आम्हाला वाटायचं, नियम. मग भर दुपारीही बोलेनात. आम्ही म्हणायचो, वयाबरोबर नियम कडक झालाय. आईंचे कान गेले होते, मंडळी. घरात कुणाला पत्ता नव्हता.

श्रवणयंत्र आणलं. काही काळ भागलं, मग तेही पुरेना. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून कानाच्या आत यंत्र बसवता येईल, त्याचा बाहेरचा भाग काढता-घालता येतो. त्यात उरलंसुरलं ऐकू येणं जाऊही शकतं. विचार करून सांगा.

कित्येक दिवस गेले. मग एका संध्याकाळी मी दिवा लावत होते, तर त्यांनी माझा हात धरला.

"अय्यो, कसं सांगू गं तुला. ते हाक मारतात. मागच्या दारातून. रोज, एकदाच."

ते, म्हणजे मामंजी. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तरी मी उठून मागच्या दाराला कडी घातली. मग पाटीवर लिहून विचारलं, तुम्ही ओ देता?

"बेड, बेड, नको गं बाई. नियम आहे की."

डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत. कान रिकामा पडला की मेंदू कधीकधी स्वतःच आवाज तयार करतो, म्हणाले. ऑपरेशननंतर ती हाक थांबेल, कदाचित थांबणारही नाही.

आमची मुलगी बोलायला लागली तोवर आईंना श्रवणयंत्रानंही ऐकू येईनासं झालं होतं. नातीचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. तो ऐकायचा, की नवऱ्याची हाक राखायची? तुम्ही काय ठरवलं असतं?

आई म्हणाल्या, "त्यांचा आवाज मला पाठ आहे. पोरीचा माहीतच नाही. करून टाकूया."

ऑपरेशन झालं. यंत्र सुरू केलं तेव्हा सगळे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटायचे. हळूहळू ते माणसांचे झाले. एका तिन्हीसांजेला नातीनं अंगणातून "अज्जी" म्हटलं. आईंनी नियम मोडून पहिल्याच हाकेला ओ दिली आणि ढसाढसा रडल्या.

आणि ती दुसरी हाक? यंत्र काढलं की यायची. एकदाच. आई ओ द्यायच्या नाहीत.

गेल्या आठवड्यात, दिवेलागणीला, आईंनी यंत्र काढून डबीत ठेवलं. मी समोर भाजी चिरत होते. घरात तिसरं कुणी नव्हतं. आईंनी मान मागच्या दाराकडे वळवली. थांबल्या. मग पुन्हा कान दिला, दुसऱ्यांदा हाक आल्यासारखा. चेहरा असा उजळला, की मी सुरी खाली ठेवली.

"ओ," त्या म्हणाल्या. "आले हं."

 मी जवळ गेले, तोवर संपलं होतं.

मंडळी, मला भीती वाटते. आणि त्यांच्यासाठी बरंही वाटतं. दोन्ही खरं आहे.

आता सगळे उभे राहूया. थोडा वेळ शांत राहूया. बाहेर दिवे लागताहेत. या शांततेत कुणाला आपलं नाव ऐकू आलं, तर आईंची आठवण ठेवा. पहिल्या हाकेला ओ देऊ नका.