दारामागची टाच

शुक्रवार पेठेतल्या दवाखान्याच्या ओसरीवर केराबाई आणि तिची सून रंभा माझ्या शेजारी येऊन बसल्या. दोघीही बाळंतिणींना तेल लावणाऱ्या, बाळांना न्हाऊ घालणाऱ्या. डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं, रंभाचा अंगठा आता वळायचा नाही.

“कोपरानं दाब, अंगठा वापरू नगं, म्हणून शिकवलं व्हतं की तुला!”

“बाळंतिणींना कोपरानंच दाबते, आत्याबाई. अंगठा घरी गेला. तुमच्या लेकाची पाठ रगडून. गिरणीत कापसाच्या गाठी उचलून दगड झालीया ती.”

“मग टाच द्यायची. भिंत धरून.”

“नवऱ्याच्या पाठीवर पाय ठिवू व्हय?”

“अगं येडे, त्याच्या बापाला मी रोज तुडवायची! दार लावून.”

“तुमी?”

“व्हय की.”

“मग मला का न्हाय सांगितलं?”

“लाज वाटली गं. सुनंला असलं कसं सांगावं?”

“परवा न्हाऊ घालताना बाळाची मान हातातनं निसटली. मांडीवर झेलली म्हणून वाचलं. आता कोण देणार पोर माझ्या हातात?”

“आण तो हात हिकडं.”

“नगं, आत्याबाई. लई दुखतंय.”

“चोळत न्हाय, पोरी. नुसता धरते.”