बाबांचा फोन आणि दादाची रायफल

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण इथल्या मेट्रोत, एमआरटीत, कुणी फोनवर मोठ्यानं बोललं की मला तेच आठवतात. ते आमच्याकडे इथे परदेशात, चोआ चू कांगला राहायला आले होते. आयुष्यभर सैन्यात बंदुका दुरुस्त केलेला माणूस. एकदा आम्ही ट्रेननं घरी येत होतो, तेवढ्यात टेक्सासहून दादाचा फोन आला. तो त्याच्या शिकारीच्या रायफलचं बॅरल, म्हणजे नळी, बदलून घेणार होता.

"रायफलचं बॅरल सोळा इंचांपेक्षा आखूड नको हां!" बाबा गरजले. "तिथे गुन्हा आहे तो!"

डब्यात मराठी कुणाला कळत नव्हतं, पण 'रायफल' सगळ्यांना कळलं. कुणीतरी कळवलं असावं, कारण आम्ही उतरलो तर स्टेशनवर एक तरुण पोलीस उभाच होता. मी कसंबसं सगळं समजावलं.

त्यानं शांतपणे विचारलं, "अंकल, बट हाऊ यू मेजर?"

बाबा खुलले. माझी छत्री बॅरलसारखी धरून त्यांनी फौजी इंग्रजीत सगळं दाखवलं. बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, बंद करायचा, नळीच्या तोंडातून काठी टेकेपर्यंत आत घालायची, तेवढी लांबी.

निघताना तो हसून म्हणाला, "नेक्स्ट टाइम टॉक सॉफ्टली, कॅन?"

बाबा माझ्याकडे वळले. "सांग त्याला, उभा जन्म गोळीबारात गेला. हळू बोललो तर मलाच ऐकू येत नाही."