एस्तेरची प्रार्थना

हसू नका गं, त्या दिवशी माझी पाचावर धारण बसली होती.

संडे स्कूलच्या मोठ्या मुलींसाठी मी एक छोटी कादंबरी लिहिली होती. त्यातली मुलगी वडिलांना घाबरते, म्हणून मनातलं सगळं प्रार्थनेत सांगून टाकते. प्रार्थना मध्येच कोण तोडणार? लिहिताना मी स्वतःवरच खूश होते.

मग आमच्या कडा गावात एस्तेरला बघायला पाहुणे आले. तिला नुकतंच अठरावं सरलेलं. तिची संडे स्कूलची बाई म्हणून तिच्या वडिलांनी, शमुवेलभाऊंनी, मलाही बोलावलं. चहा आला तशी मुलाची आई म्हणाली, "पोरी, प्रार्थना तूच कर."

आम्ही डोळे मिटले.

"देवा बापा," एस्तेर म्हणाली, "ही माणसं लई चांगली हायेत. पण नर्सिंगच्या यादीत माझं नाव लागलंय, ते पप्पांनी यांना सांगितलंच न्हाई. मला आधी शिकायचंय. पप्पांना खरं बोलायचं बळ दे. येशूच्या नावानं मागते."

ते बळाचं वाक्य माझ्या पुस्तकातलं होतं!

आमेन कुणीच म्हणेना, आणि आमेन झाल्याशिवाय डोळे उघडायचे कसे? चहावर साय धरली असेल. मी मनात म्हटलं, आता हा माणूस पोरीवर हात उचलतो, नाहीतर मला घराबाहेर काढतो.

शेवटी शमुवेलभाऊ खाकरले.

"आमेन."

मी डोळे उघडले, तर ते माझ्याकडंच बघत होते.

"बाई, तुमचं पुस्तक म्या बी वाचलंय. आमेनलाच संपतंय ते. आता पाहुण्यांना काय सांगायचं, ते कावून लिहिलं न्हाई?"