मॅडमना बोलवा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय गंगाधरराव, व्यासपीठावरचे प्राचार्य आणि पाहुणे, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या प्रा. फौजिया मुलाणी मॅडम, सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

शाल-श्रीफळ झालं, आता चार बरे शब्द बोलायचं काम माझ्याकडे आहे. ते आज नीटसं जमणार नाही, अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

आपल्या या भोरच्या महाविद्यालयात एक रीत पडली होती. कुणा विद्यार्थ्याच्या घरून वाईट निरोप आला की आम्ही म्हणायचो, मॅडमना बोलवा. बारा प्राध्यापकांत त्या एकट्या बाई. बायकांना हे जमतं, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. हिर्डोशीच्या श्रावणीचे वडील वारले, तेव्हा मॅडम तिला घेऊन एसटीने गेल्या, पुढे भर पावसात दोन तास चालल्या. आम्ही काय केलं? त्यांचा एक तास घेतला.

२००१च्या ऑगस्टमध्ये ऑफिसात फोन आला. मॅडमचे यजमान नूरुद्दीनभाई वारले होते. मॅडम वर्गात शिकवत होत्या. स्टाफरूममध्ये आम्ही अकरा पुरुष, सगळे शिकलेसवरलेले. खरं सांगतो, सवयीने माझ्याच तोंडून निघालं, "मॅडमना बोलवा, त्या सांगतील." मग जो तो समोरचे पेपर चाळायला लागला.

तास संपवून मॅडम आल्या. आम्ही त्यांना चहा दिला, चाचणीच्या पेपरांचं विचारलं. त्या पुढच्या तासाला गेल्या. शेवटी आपला शिपाई कुंडलिक वर्गाच्या दारात जाऊन उभा राहिला. "बाई, खडू ठिवा. भाई गेलं. म्या येतो संगं."

दोन वर्षांनी विद्यापीठातून एक प्रश्नावली आली. स्त्री आणि पुरुष प्राध्यापकांत भावनिक समज कुणाची किती, असा विषय. त्यात एक विधान होतं, 'सहकाऱ्याचा चेहरा पाहून त्याच्या मनातलं मला कळतं.' मी 'नेहमी'वर खूण केली. कागद गोळा करताना दिसलं, मॅडमनी 'कधीच नाही'वर केली होती. मी हसत विचारलं, चुकून झालं का?

"नाही सर," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्हा अकरा जणांचे चेहरे समोर होते. मी चहा पीत बसले."

बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने ते पोटात घालावं. त्या चहाची माफी मात्र मॅडम, मी तुमच्याकडेच मागतो. तीन वर्षं उशिरा मागतो, याची लाज वाटते.

सोमवारपासून तुम्ही नसाल. असा निरोप पुन्हा आला तर कुणी उठायचं, ते आम्ही अजून ठरवलेलं नाही. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे.